शिक्षकाचा पगार आणि शेजाऱ्याची घरपट्टी

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अमेरिकेतील शिक्षकांच्या संपाची बातमी आपल्या वृत्तपत्रांत अधूनमधून येते, तेव्हा वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो की, जगातील सर्वांत श्रीमंत देशात शिक्षकाला पगारासाठी रस्त्यावर का यावे लागते? परंतु त्याहून अधिक बोलका असा दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. एका शहरातील शिक्षक संपावर असताना त्याच राज्यातील, पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावातील शिक्षक वर्गात शांतपणे शिकवीत असतात, हे कसे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की पहिल्याचे निम्मे उत्तर हाती येते.

तेथे शाळा चालविण्याचे काम तेरा हजारांहून अधिक शालेय जिल्ह्यांकडे सोपविलेले आहे. ‘जिल्हा’ हा शब्द ऐकून सातारा किंवा नागपूर डोळ्यांपुढे आणू नये. एखादे उपनगर, एखादे खेडेगाव किंवा शिकागोसारखे अख्खे महानगर, यांतला प्रत्येक एक शालेय जिल्हा असू शकतो. त्याचे शिक्षण मंडळ वेगळे, बहुधा मतदारांनी निवडून दिलेले, अंदाजपत्रक वेगळे, आणि बहुतेक ठिकाणी कर बसविण्याचा अधिकारही स्वतःचा. करोनापूर्व वर्षांत देशातील शाळांच्या एकूण उत्पन्नात केंद्र सरकारचा वाटा सुमारे ८ टक्के होता; राहिलेला भार राज्य सरकारे आणि स्थानिक जिल्हे यांनी जवळजवळ निम्मा-निम्मा उचललेला होता. या स्थानिक वाट्याचा फार मोठा भाग घरादारांवरील, जमिनींवरील करातून येतो. खर्चाच्या बाजूस पाहिले, तर चालू खर्चाचा सुमारे चार-पंचमांश भाग वेतन आणि वेतनाशी निगडित सोयी यांवर पडतो. तेव्हा हिशेबाच्या वहीत डाव्या पानावर शेजाऱ्याची घरपट्टी आणि उजव्या पानावर शिक्षकाचा पगार, असे हे समोरासमोर बसविलेले आहे. शिक्षकाने पगारवाढ मागितली की ती भांडवलदाराकडे मागितली असे तेथे दिसतच नाही. ती शेजारच्या घरमालकाकडे, त्यातल्या त्यात निवृत्त झालेल्या वृद्ध शेजाऱ्याकडे मागितली असे दिसते. ही मांडणी निसर्गतः आलेली नाही. ती केलेली आहे.

ती किती विषम आहे हे पाहण्यासाठी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहराकडे जावे. तेथील एजवुड या शालेय जिल्ह्यात नव्वद टक्के मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. मे १९६८ मध्ये तेथील हायस्कूलच्या शेकडो विद्यार्थ्यांनी पडक्या वर्गांविरुद्ध आणि अपात्र शिक्षकांविरुद्ध वर्गावर बहिष्कार घातला. त्यांच्या पालकांपैकी देमेत्रिओ रॉड्रिगेझ या पत्राकाम करणाऱ्या कामगाराच्या नावाने खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयापुढे आलेले आकडे असे : एजवुडच्या लोकांनी दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरला आणि त्यातून दर मुलामागे २६ डॉलर जमले. त्याच शहरातील अलामो हाइट्स या श्रीमंतांच्या जिल्ह्याने शंभरामागे ८५ सेंटच भरले आणि दर मुलामागे ३३३ डॉलर जमविले. गरिबाने कराचा दर जास्त सोसला आणि त्याच्या मुलाला जेमतेम तेराव्या हिश्शाइतके मिळाले. राज्य व केंद्र यांची मदत मिळवूनही एजवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर, असे अंतर राहिलेच. एजवुडमधील जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर काम करीत होते. कारण अर्हताप्राप्त शिक्षक जेथे पगार बरा तेथे जाणार, हे उघड आहे.

मार्च १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी रॉड्रिगेझ हरले. शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि स्थानिक नियंत्रण हा या करपद्धतीचा पुरेसा आधार होय, असा निर्णय बहुमताने दिला. थरगुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. पुढे काही राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या घटनांच्या आधारे वेगळे निर्णय दिले, त्यामुळे राज्यांची मदत वाढली हेही खरे. परंतु केंद्रीय न्यायालयाचे दार त्या दिवशी बंद झाले ते आजही बंदच आहे.

आता या चौकटीत शिक्षकसंघटनेचा करार कसा बसतो ते पाहू. ज्या राज्यांत कायद्याने सामुदायिक वाटाघाटींचा हक्क दिलेला आहे, तेथे प्रत्येक शालेय जिल्ह्याची संघटना आपापल्या मंडळाशी दोन-चार वर्षांचा करार करते. त्यात वेतनाचा तक्ता असतो : उभ्या रकान्यात नोकरीची वर्षे, आडव्या रकान्यात पदव्या. वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या, बदल्या, तक्रारींचा लवाद, आजारपणाचा विमा, हे सारे त्यातच. गुणवत्तेप्रमाणे वेतन द्यावे असे म्हणणारे पंडित या तक्त्याची चेष्टा करतात. तो कशाच्या जागी आला हे मात्र ते सांगत नाहीत. पूर्वी हायस्कुलातील पुरुषाला एक पगार, प्राथमिक शाळेतील स्त्रीला दुसरा, आणि दक्षिणेत काळ्या शिक्षकाला तिसरा, तोही गोऱ्याच्या मानाने फारच तोकडा, असे होते. १९२१ मध्ये डेन्व्हर आणि डी मॉइन या शहरांनी सर्वांना एकच वेतनश्रेणी लागू केली आणि हळूहळू ती देशभर पसरली. नॉरफोक शहरातील काळ्या शिक्षकांना समान वेतनाचा हक्क १९४० मध्ये न्यायालयातून मिळवावा लागला, आणि तो लढा देणाऱ्या वकिलांत वर उल्लेखिलेले थरगुड मार्शलच होते. तक्ता रुक्ष खरा, पण मुख्याध्यापकाची मर्जी आणि शिक्षकाची जात-वर्ण यांना त्यात रकाना नाही.

मात्र कराराचे बळ तेथेच संपते. करार पगार ठरवितो, महसूल ठरवीत नाही. मंडळ म्हणते, “पैसा नाही”. आणि वाटाघाटीच्या टेबलावर या वाक्याला उत्तर नसते, कारण पैसा त्या टेबलावर ठेवलेलाच नसतो. अर्थशास्त्राच्या बाजूने आणखी एक अडचण आहे. कारखान्यात यंत्र आले की तेवढ्याच श्रमांत दुप्पट माल निघतो. तीस मुलांना अपूर्णांक शिकवायला मात्र पूर्वी लागत होता तेवढाच तास आजही लागतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये ही गोष्ट नाटक-संगीतादी कलांच्या बाबतीत दाखवून दिली. शाळेलाही ती तंतोतंत लागू पडते. इतर क्षेत्रांतील वेतन वाढत गेले की शिक्षकाचेही वाढवावे लागते, आणि दर मुलामागील खर्च वाढतच जातो. यात कोणाची उधळपट्टी नाही. परंतु तो वाढता खर्च केवळ स्थानिक घरपट्टीवर टाकला, तर करदाता आणि शिक्षक यांचे भांडण दर दोन-चार वर्षांनी ठरलेलेच. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये घरपट्टीच्या धास्तीने मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून कर मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. त्याचा लाभ वृद्ध घरमालकांना झाला, तसाच बड्या कंपन्यांच्या जमिनींनाही झाला.

“पैसा नाही” या वाक्यापुढे संघटनेने थांबायचे की पुढे जायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे पहिले उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी शिकागोच्या प्राथमिक शिक्षिकांनी दिले. ती हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

शिकागो टीचर्स फेडरेशन ही संघटना १८९७ मध्ये स्थापन झाली. सभासद बहुतेक स्त्रिया, प्राथमिक शाळांत शिकविणाऱ्या. वीस वर्षे त्यांच्या पगारात वाढ नव्हती. दबाव आणून त्यांनी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यावयाची वाढ मंजूर करून घेतली. पहिला टप्पा मिळाला, आणि मग मंडळाने जाहीर केले की तिजोरी रिकामी आहे, पुढची वाढ रद्द. कॅथरीन गॉगिन आणि मार्गारेट हेली या दोघींनी हे विधान तसेच गिळले नाही. हेली या कत्तलखान्यांच्या वस्तीतील शाळेत शिकवीत असत. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. दोघी कराच्या नोंदी चाळत बसल्या. त्यांना आढळले ते असे : शहरातील ट्राम, गॅस, वीज आणि टेलिफोन यांच्या कंपन्या सार्वजनिक रस्ते वापरण्याच्या मक्त्यांवर प्रचंड नफा कमावीत होत्या, आणि त्या मक्त्यांच्या किमतीवर कायद्याने देय असलेला कर त्या भरीतच नव्हत्या. कर आकारणाऱ्या राज्याच्या मंडळाने त्यांच्याकडे तो मागितलाही नव्हता. शाळांच्या मालकीच्या मोक्याच्या जमिनी दीर्घ मुदतीने आणि स्वस्त भाड्याने दिलेल्या होत्या, ही गोष्ट आणखी निराळी. शहरातील एका बड्या वृत्तपत्राची कचेरी अशाच जमिनीवर होती. त्या वृत्तपत्राला शिक्षिकांचे आंदोलन आवडले नाही, यात नवल ते कोणते?

शिक्षिका न्यायालयात गेल्या. १९०१ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांवर कर आकारलाच पाहिजे असा निकाल दिला. कंपन्यांनी केंद्रीय न्यायालयात जाऊन आकारणी बरीच खाली आणली. तरीही सुमारे सहा लाख डॉलर सार्वजनिक तिजोरीत आले, त्यांपैकी शाळांच्या वाट्याला सुमारे अडीच लाख. आता तरी ठरलेली वाढ मिळेल असे कोणालाही वाटले असते. मंडळाने ती रक्कम कोळशाची बिले आणि इमारतींची दुरुस्ती यांकडे वळविली! शिक्षिका पुन्हा न्यायालयात गेल्या आणि १९०४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढल्याच वर्षी डन शिकागोचे महापौर झाले.

या लढ्यातील दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. त्या काळी इलिनॉयमधील स्त्रियांना महापौर वा आमदार निवडण्यासाठी मत नव्हते. मत नसलेल्या स्त्रियांनी १९०२ मध्ये शहरातील कामगार महासंघात प्रवेश केला, तो मतदार असलेल्या कामगार पुरुषांशी नाते जोडण्यासाठी. पांढरपेशा शिक्षिकांनी गाडीवाल्यांच्या आणि खाटकांच्या पंक्तीला बसावे हे अनेकांना रुचले नाही. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी शेजाऱ्याची घरपट्टी वाढवा असे म्हटले नाही. जे भरत नाहीत त्यांच्याकडून भरून घ्या, एवढेच म्हटले. त्यामुळे पालक त्यांच्या विरोधात गेले नाहीत. मंडळाने याचा सूड घेतला : १९१५ मध्ये शिक्षकांना संघटनेत राहण्याची बंदी करणारा नियम केला आणि १९१७ पर्यंत फेडरेशनला कामगार चळवळीतून बाहेर पडणे भाग पाडले.

मंदीच्या वर्षांत महिनोन्महिने पगार थकले तेव्हा एप्रिल १९३३ मध्ये हजारो शिक्षक शहरातील बँकांवर चालून गेले. १९३७ मध्ये विखुरलेल्या संघटना एकत्र येऊन शिकागो टीचर्स युनियन झाली. १९६७ मध्ये तिचा पहिला करार झाला. येथून पुढील वीस वर्षे हा यशाचा आणि त्याच वेळी एकाकीपणाचा काळ होता. १९६९ ते १९८७ या काळात नऊ संप झाले. पगार वाढले, पण प्रत्येक संपानंतर पालक थोडे अधिक दुरावले. त्यातले बहुसंख्य काळे आणि गरीब, आणि आपल्या मुलांची शाळा बंद ठेवून शिक्षक स्वतःपुरते भांडतात अशी त्यांची भावना झाली. १९८७ चा संप शाळेचे एकोणीस दिवस चालला. त्याच्या रागातूनच १९८८ चा सुधारणा-कायदा जन्मला, आणि १९९५ च्या कायद्याने शाळा महापौराच्या हाती दिल्या, वर्गातील मुलांची संख्या यांसारख्या विषयांवर वाटाघाटींची सक्ती काढून घेतली. संघटनेने केवळ पगारावर बोलावे, आणि बोलली की तिला स्वार्थी म्हणता यावे, अशी ही सोय होती. या काळातील संघटनेची चूक झाकून ठेवण्याचे कारण नाही. हेलींनी तिजोरीच्या मागचा दरवाजा शोधला होता. त्यांच्या वारसदारांना त्याचा विसर पडला होता.

१९९५ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिचा गाजावाजा झाला नाही. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी वेगळा बसविलेला कर सर्वसाधारण निधीत मिळविला गेला, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे मंडळाने निवृत्तिवेतन निधीत आपला वाटा भरलाच नाही. शिकागोचे शिक्षक केंद्र सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेत नाहीत, म्हणजे म्हातारपणी हा निधी हाच आधार. निवृत्तिवेतन ही बक्षिशी नव्हे. काम आज करून घ्यावयाचे आणि मजुरीचा काही भाग वीस-तीस वर्षांनी द्यावयाचा, असा तो ठराव असतो. २००१ च्या सुमारास जवळजवळ पूर्ण भरलेला हा निधी २०१३ पर्यंत निम्म्यावर आला. मग तूट, मग “शिक्षकांची निवृत्तिवेतने शाळांना बुडवीत आहेत” अशी ओरड. घेतलेले कर्ज फेडावयाची वेळ आली तेव्हा सावकारालाच चोर ठरविण्याचा हा प्रकार होय.

२०१० मध्ये रसायनशास्त्र शिकविणाऱ्या कॅरेन लुइस संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि सूर बदलला. २०११ मध्ये महापौर रॅम इमॅन्युएल यांच्या मंडळाने करारातील ४ टक्के वाढ रद्द केली; त्याच वर्षी राज्याने असा कायदा केला की शिकागोत संपासाठी एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांची मते हवीत. इतकी मते मिळणार नाहीत असा होरा होता. जून २०१२ मध्ये सुमारे ९० टक्के सभासदांनी संपाच्या बाजूने कौल दिला. त्याआधी फेब्रुवारीत संघटनेने मुलांना कशी शाळा हवी यावर एक अहवाल प्रसिद्ध केला होता : लहान वर्ग, ग्रंथालये, संगीत, परिचारिका, आणि त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, तेही. इलिनॉयच्या १९७७ च्या कायद्याप्रमाणे एखादा भाग विकासक्षेत्र म्हणून जाहीर झाला की तेथील मालमत्तेची करपात्र किंमत शाळांपुरती तेवीस वर्षे गोठविली जाते. वाढीव किमतीवरील कर विशेष निधीत जातो आणि बहुतांशी महापौराच्या इच्छेनुसार खर्च होतो. अशा निधीतून ५२ लाख डॉलर एका हॉटेलाच्या बांधकामाला दिले गेले होते, आणि त्या हॉटेल-साखळीच्या मालक कुटुंबातील व्यक्ती शिक्षण मंडळाची सभासद होती. शिक्षकांनी ही गोष्ट वस्तीवस्तीत सांगितली. सप्टेंबर २०१२ मधील संप शाळेचे सात दिवस चालला. कायद्याने पगार एवढाच विषय होता; मोर्च्यात पालक आले ते उकाड्याने भरलेल्या वर्गांसाठी आणि नसलेल्या ग्रंथपालांसाठी.

विजय निर्भेळ नव्हता. पुढल्याच वर्षी सुमारे पन्नास शाळा बंद झाल्या, त्याही मुख्यतः काळ्यांच्या वस्त्यांतील. परंतु २०१९ मध्ये अकरा शालेय दिवसांच्या संपानंतर प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजसेवक नेमण्याचे कलम प्रत्यक्ष करारात आले. दरम्यान २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात वेगळाच प्रयोग झाला. तेथे वेतनाचा किमान तक्ता राज्य विधिमंडळ ठरविते, सामुदायिक कराराचा हक्क नाही. म्हणून पंचावन्नही काउंटींतील शिक्षक एकदम बाहेर पडले, उपाशी राहणाऱ्या मुलांसाठी डबे भरून ठेवून बाहेर पडले. नऊ शालेय दिवसांत सर्व राज्य कर्मचाऱ्यांना ५ टक्के वाढ मिळाली. प्रस्तुत व्याख्यानाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे हे उत्तर होय : पैशाचा निर्णय जेथे होतो तेवढ्या विस्ताराचाच संप होतो.

आपल्याकडे वेतन अनुदान राज्याच्या तिजोरीतून येते. म्हणून १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप एका नगरपालिकेविरुद्ध नव्हता. शेजाऱ्याच्या घरपट्टीशी आपल्या शिक्षकाचे वैर नाही, हा त्या व्यवस्थेचा मोठाच लाभ. मात्र “पैसा नाही” हे वाक्य येथेही आलेच. ते शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या आणि विनाअनुदानित तुकडीच्या रूपाने आले, आणि एकाच खोलीत दोन पगारांचे दोन शिक्षक बसविण्यात आले. १९२१ पूर्वीचे अमेरिकन तक्ते पाहिले की याची ओळख पटते.

शिकागोची कहाणी अजून चालू आहे. एप्रिल २०२३ मध्ये ब्रँडन जॉन्सन हे पूर्वीचे शिक्षक आणि संघटनेचे कार्यकर्ते महापौर निवडले गेले. आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे, तेव्हा भांडण मिटले असे वाटावे. तसे झाले नाही. करोनाकाळातील केंद्राची मदत संपली, आणि कर्ज काढून तूट भरावी की नाही यावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये महापौरांनीच नेमलेल्या शिक्षण मंडळाच्या सातही सभासदांनी राजीनामे जाहीर केले. एप्रिल २०२५ मध्ये चार वर्षांचा करार संपाविना झाला. सभासदांनी तो प्रचंड बहुमताने मंजूर केला. त्याच उन्हाळ्यात मंडळापुढे ७३ कोटी ४० लाख डॉलरची तूट उभी होती. नव्या कर्जाला मंडळाने नकार दिला आणि विकासक्षेत्रांच्या त्या गोठविलेल्या निधीतील शिल्लक शाळांना मिळेल असे धरून ऑगस्टमध्ये अंदाजपत्रक संमत केले. राज्य सरकारने २०१७ मध्ये स्वतःच केलेल्या सूत्राप्रमाणे शिकागोच्या शाळांना आवश्यकतेपेक्षा एक अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळतात. तो पैसा महापौराच्या टेबलावरही नाही, तो स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळात आहे.